शिकारी कोण? : पामीरच्या शिकार-वृत्तांतांचे एक तौलनिक वाचन

१

मराठीत एकाच क्रियेसाठी तीन शब्द प्रचलित आहेत : मृगया, पारध आणि शिकार. 'मृगया' संस्कृत काव्यातून आली आणि राजाच्या धनुष्याशी निगडित राहिली. 'पारध' हा शब्द जुन्या मराठीत राजालाही लागू होतो. परंतु पुढे तो पोटासाठी रान तुडविणाऱ्यांच्या नावाशी जोडला गेला, आणि १८७१पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी त्या नावावर कलंकाची छाया धरली. 'शिकार' फारसीतून आली. फारसीत काय किंवा मराठीत काय, 'शिकारी' म्हणजे शिकार करणारा. याविषयी दुमत संभवत नाही.

हाच शब्द एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रजीत शिरला तेव्हा मात्र त्याचा अर्थ पालटला. त्या इंग्रजीत 'शिकारी' म्हणजे साहेबाला जनावरापर्यंत नेणारा देशी माणूस. बंदूक झाडणारा गोरा गृहस्थ 'स्पोर्ट्समन' ठरला. शब्द तोच राहिला. पण कर्ता होता तो साहाय्यक झाला. कोशात एका ओळीत नोंदविला जाणारा हा अर्थबदल एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराच्या रचनेची किल्ली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी पामीरच्या पठारावरील रानमेंढ्याच्या शिकारीचे इंग्रजी वृत्तांत येथे विचारात घेतले आहेत. या वृत्तांतांना 'साहसकथा' म्हणून गौरविणे किंवा 'साम्राज्यवादी' म्हणून निकालात काढणे ही दोन्ही वाचने अपुरी आहेत. या संहिता ज्याला नायक ठरवितात, त्याचे नायकत्व त्यांच्याच तपशिलांतून सैल होत जाते. आणि हे तपशील वाचणे हे तौलनिक अभ्यासकाचे काम आहे.

२

पामीरचा हा मेंढा युरोपीय वाङ्मयात ज्या क्रमाने अवतरला तो क्रम लक्षणीय आहे. प्रथम वाक्य आले, मग शिंग आले, आणि जनावर सर्वांत शेवटी आले.

मार्को पोलो तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात पामीर ओलांडून चीनकडे गेला. त्याचा वृत्तांत १२९८मध्ये जिनोआच्या बंदिवासात रुस्तिकेल्लो या लेखकाने शब्दबद्ध केला. त्यात या पठारावरील प्रचंड रानमेंढ्यांचा उल्लेख येतो : त्यांची शिंगे सहा वितींएवढी असतात, मेंढपाळ त्यांचे वाडगे करतात आणि रात्री जनावरे कोंडण्यासाठी त्या शिंगांचेच कुंपण घालतात. १५५९मध्ये प्रसिद्ध झालेल्या रामुसिओच्या इटालियन आवृत्तीत आणखी एक तपशील आहे. बर्फात वाट चुकू नये म्हणून शिंगे व हाडे रस्त्याच्या कडेने रचून ठेवतात. मार्को पोलोने मेंढा मारल्याचे कोठेही म्हटलेले नाही. त्याच्या वर्णनात शिंग हे स्थानिक माणसाच्या हातातील वस्तू म्हणून येते : भांडे, कुंपण, वाटेची खूण.

साडेपाच शतकांनंतर, फेब्रुवारी १८३८मध्ये, लेफ्टनंट जॉन वुड ऑक्सस नदीच्या उगमाचा शोध घेत झोरकुल सरोवरापाशी पोहोचला. वुड हा मुंबईस मुख्य ठाणे असलेल्या 'इंडियन नेव्ही'चा अधिकारी होता आणि अलेक्झांडर बर्न्सच्या काबूल मोहिमेतून तो तेथे गेला होता. त्याचे प्रवासवर्णन १८४१मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने आणलेल्या शिंगांवरून एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने त्याच सुमारास या मेंढ्याला 'ओविस पोली' असे नाव दिले. जिवंत जनावर ब्लाइथने पाहिले नव्हते. शिंग आणि पुस्तकातील वर्णन एकमेकांशी जुळले, एवढ्यावर नामकरण झाले. म्हणजे जातिनामात जनावराचा देह नाही, त्याचा प्रदेशही नाही. आहे ते एका ग्रंथकाराचे नाव. किरगिझ लोक नराला 'गुल्जा' आणि मादीला 'आर्खार' म्हणत आले. ही दोन नावे शास्त्राच्या नोंदीत गौण ठरली.

हेन्री यूलने १८७१मध्ये मार्को पोलोच्या ग्रंथाची आपली सटीप आवृत्ती काढली तेव्हा या वर्णनाच्या पुष्टीसाठी त्याने वुडचा आधार घेतला. पुढच्याच वर्षी वुडच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिला ऑक्ससच्या खोऱ्यावरील यूलचा निबंध जोडलेला होता. प्रवासी टीकाकाराला साक्ष देतो आणि टीकाकार प्रवाशाला प्रतिष्ठा देतो, असे हे वर्तुळ आहे. पामीरला जाणाऱ्या पुढच्या पिढीतील सुशिक्षित शिकाऱ्याच्या मनात हे वर्तुळ आधीच पूर्ण झालेले होते. तो अज्ञात प्रदेशात चालला आहे असे त्याला वाटे. वस्तुतः तो एका तळटीपेची पडताळणी करावयास निघालेला असे.

३

येथे शिंगाच्या अर्थांतराकडे पाहणे आवश्यक आहे. मेंढपाळाच्या व्यवहारात शिंग उपयोगाचे होते. वाखान व पामीरच्या परिसरातील पीरस्थानांवर रानमेंढ्याची आणि रानबोकडाची शिंगे वाहिलेली आढळतात. तेथे ते श्रद्धेचे झाले. कडक हिवाळा आणि लांडगे यांमुळे दगावलेल्या नरांची शिंगे माळावर पडलेली असत. ती वेचण्यासाठी जनावर मारावेच लागे असे नव्हते.

शिकार-वृत्तांतात शिंग हे माप होते. लंडनमध्ये प्राण्यांची कातडी भरून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या रोलंड वॉर्डने १८९२मध्ये मोठ्या जनावरांच्या शिंगांच्या मापांचे पुस्तक काढले. पुढे त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. त्यातील कोष्टकांचे रकाने वाचनीय आहेत : वळणावरून लांबी, बुडाचा घेर, दोन टोकांतील अंतर, ठिकाण आणि मालकाचे नाव. जनावर कोणी शोधले, यासाठी रकाना नाही. वृत्तांतांतील निवेदनही हळूहळू या कोष्टकाच्या वळणावर जाते. कळप दिसतो, त्यातला 'मोठा' निवडला जातो, गोळी लागते, आणि पुढच्याच परिच्छेदात फीत बाहेर निघते. प्रसंगाचा उत्कर्षबिंदू मृत्यू नसून इंचांचा आकडा असतो.

हे मोजणे एकटे नव्हते. त्याच दशकांत पामीरची भूमीही मोजली जात होती. ब्रिटिश लष्करी अधिकारी शिकारीसाठी रजा घेऊन सीमेपलीकडे जात आणि परतताना खिंडी, चारा, पाणी यांच्या नोंदी आणीत. १८९१मध्ये बोझाई गुंबझ येथे रशियन अधिकारी योनोव्हने फ्रान्सिस यंगहजबंडला त्या प्रदेशातून निघून जाण्यास भाग पाडले. १८९३मध्ये डनमोरच्या सातव्या अर्लचे 'द पामीर्स' हे दोन खंडांचे प्रवासवर्णन आले. त्यात शिकार, राजकारण आणि दैनंदिनी एकाच धाग्यात ओवलेली आहेत. १८९५मध्ये सीमा आयोगाने दोन साम्राज्यांच्या मधली रेषा आखली, आणि गुल्जा ज्या खोऱ्यांतून मोसमाप्रमाणे फिरत असे ती खोरी निरनिराळ्या सत्तांच्या हद्दीत विभागली गेली. नकाशा आणि शिंग ही दोन्ही एकाच मोजपट्टीखाली आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

४

या वाङ्मयप्रकाराचे परिपक्व रूप पाहावयाचे तर थिओडोर (धाकटा) आणि कर्मिट या रूझवेल्ट बंधूंच्या 'ईस्ट ऑफ द सन अँड वेस्ट ऑफ द मून' (१९२६) या पुस्तकाकडे वळावे लागते. १९२५ची ही मोहीम शिकागोच्या फील्ड संग्रहालयासाठी होती. खर्चाचा भार जेम्स सिम्प्सन यांनी उचलला होता. जॉर्ज चेरी आणि सडॅम कटिंग हे सहप्रवासी होते. काश्मीरमधून झोजी ला, लेह आणि काराकोरम खिंड या मार्गाने हे पथक यारकंदकडे उतरले. पुढे तिएनशान आणि मग पामीर अशी ही वाट होती.

पुस्तकाचे शीर्षक नॉर्वेच्या एका लोककथेचे आहे. सूर्याच्या पूर्वेला आणि चंद्राच्या पश्चिमेला असलेली जागा म्हणजे कोणत्याही नकाशात नसलेली जागा. मात्र हे पथक ज्या मार्गाने गेले तो शतकानुशतके व्यापारी काफिल्यांचा राबता मार्ग होता. लेह, यारकंद, काश्गर या पेठा होत्या. तेथे दुभाषे, सराफ, घोडेवाले होते. प्रदेश दूर होता तो वाचकापासून. या दूरत्वाला 'परीकथेचे' नाव मिळताच तेथे राहणारी माणसे कथेतील साहाय्यक पात्रे होतात. आणखी एक संदर्भ ध्यानात घ्यावयास हवा. या भावांचे वडील, अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, १९१९मध्ये निवर्तले होते. त्यांच्या १९१४च्या ब्राझीलमधील नदीमोहिमेत कर्मिट आणि चेरी हे दोघेही होते. थोरल्या मुलाचा १९२४मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पराभव झाला होता. तेव्हा पामीरचा मेंढा हा मार्को पोलोच्या वर्णनाचा पुरावा होता, तसाच पित्याच्या वारशाचाही.

या पुस्तकात रहीमा लोन या काश्मिरी शिकाऱ्याचे नाव येते, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. लेखक त्याला अनाम ठेवीत नाहीत. अडचण निराळी आहे. तीव्र नजर, चिकाटी, निष्ठा हे या प्रकारात शिकाऱ्याचे ठरलेले गुण आहेत, आणि ते चांगल्या सेवकाचे गुण म्हणून मोजले जातात. निर्णयाचे श्रेय मात्र निवेदकाकडे राहते.

पर्वतातील शिकारीची क्रियाच या विभागणीला आव्हान देते. पामीरची खोरी रुंद आणि उघडी असतात. झाड नाही, आडोसा थोडा, आणि मेंढ्याची नजर अतिशय लांब. चार हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर परक्या माणसाला दहा पावलांत धाप लागते. म्हणून बराचसा प्रवास याकच्या पाठीवर होतो. अशा ठिकाणी गोळी झाडणे हा संपूर्ण उद्योगाचा सर्वांत छोटा भाग असतो. करड्या उतारावरचा करडा ठिपका दगड नसून मेंढा आहे हे प्रथम ओळखणे, वारा कोणत्या घळीतून फिरेल याचा अदमास बांधणे, कळप चरत कोणत्या बाजूला सरकेल हे जाणणे आणि कोणत्या कड्यामागून गेल्यास त्याला चाहूल लागणार नाही हे ठरविणे, हीच खरी शिकार. यांतील बहुतेक गोष्टी काश्मिरी शिकारी आणि किरगिझ वाटाडे करतात. साहेब त्यांच्यामागून जातो, श्वास खाली बसेपर्यंत पडून राहतो आणि दाखविलेल्या दिशेने नेम धरतो.

निवेदक प्रामाणिक असल्याने हे सारे सांगतो, आणि सांगताना आपले कर्तेपण उणे करीत जातो. दमलेल्या श्वासाचे, चुकलेल्या नेमाचे, समोर दाखवूनही न दिसलेल्या जनावराचे प्रसंग या प्रकारात विनोदाच्या किंवा विनयाच्या सुरात येतात. ते त्या सुरात न वाचता ज्ञानाच्या वाटणीचे पुरावे म्हणून वाचले, तर इंग्रजीने ज्याला 'शिकारी' म्हटले तो फारसी आणि मराठी अर्थानेही शिकारीच होता, हे संहिताच सिद्ध करते.

५

संस्कृत परंपरेतील मृगयेशी येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. ही तुलना प्रभावाची नाही, रचनेची आहे.

संस्कृतातील महत्त्वाच्या मृगयाप्रसंगांत शिकार अडविणारा आवाज संहितेच्या आतच असतो. 'अभिज्ञानशाकुन्तला'च्या पहिल्या अंकात दुष्यंताचा बाण सुटण्यापूर्वी तपस्वी मध्ये येतात : हे हरिण आश्रमाचे आहे. दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो आणि विदूषक तिच्यापायी झालेले आपले हाल सांगतो. एकाच अंकात स्तुती आणि उपहास समोरासमोर उभे राहतात. 'रघुवंशा'च्या नवव्या सर्गात नराच्या आड उभी राहिलेली हरिणी पाहून दशरथाचा हात थांबतो. आणि तोच दशरथ पुढे न पाहता, केवळ आवाजावर बाण सोडून मुनिकुमाराचा घात करतो. महाभारताच्या आदिपर्वात हिमालयाच्या परिसरात राहणाऱ्या पंडूने मृगरूपातील किंदम ऋषीला मारले, तेव्हा मरणारा मृग बोलतो, युक्तिवाद करतो आणि शाप देतो. त्याचा आक्षेप मृगयेला नाही, वेळेला आहे.

या परंपरेचे भाबडे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मृगया हा राजविनोद म्हणून तपशिलाने वर्णिला आहे. मनुस्मृती तिला व्यसनांत गणते, तर कौटिल्य तिच्यातील व्यायामादी लाभही मांडतो. म्हणजे परंपरेत एकमत नव्हते, वाद होता. महत्त्वाचे हे की, वाद घालणाऱ्याला संहितेत जागा होती. तपस्वी, विदूषक, हरिणी, मरणारा मृग यांपैकी कोणीतरी मृगयेला थांबवून उत्तर मागते.

पामीरच्या वृत्तांतात ही जागा रिकामी आहे. तेथे अडथळे असतात ते हवामानाचे, परवान्यांचे, उंचीचे. हे अडथळे पार करावयाचे असतात. त्यांना उत्तर द्यावे लागत नाही. किरगिझ मेंढपाळ गुल्जाविषयी काय मानतो, कोणत्या काळात त्याला मारीत नाही, पीरस्थानावरचे शिंग कोणाचे, हे विचारण्याचे प्रयोजन निवेदकाला वाटत नाही. कारण शिकारी त्याच्या भाषेत साहाय्यक झालेला असतो, आणि साहाय्यकाला मत नसते. शब्दाच्या अर्थबदलाची किंमत येथे मोजली जाते.

एका पुस्तकात मात्र हा अडविणारा आवाज हिंसक रूपाने बाहेरून आत येतो. विल्यम मॉर्डन आणि जेम्स क्लार्क हे १९२६मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयासाठी पामीरमध्ये मेंढे मिळवून पुढे मंगोलियाकडे गेले. तेथे त्यांना पकडण्यात आले, दोरांनी करकचून बांधण्यात आले आणि मारहाण झाली. मॉर्डनच्या 'अॅक्रॉस एशियाज स्नोज अँड डेझर्ट्स' (१९२७) या पुस्तकात पाठलाग करणारा निवेदक अचानक पकडला गेलेला देह होतो. भाषा कळत नाही, हेतू सांगता येत नाही, सोडणे न सोडणे दुसऱ्याच्या हाती असते. या अनुभवातून मागे वळून मेंढ्याकडे पाहण्याची शक्यता निर्माण होते. पण वृत्तांताची चौकट तिला वाव देत नाही. ते प्रकरण 'धोका' या सदरात जमा होते.

६

रूझवेल्ट बंधूंनी मिळविलेल्या मेंढ्यांचा देखावा फील्ड संग्रहालयात उभा राहिला. रंगविलेल्या डोंगरापुढे, भरलेल्या कातडीत, ते काचेआड स्थिर झाले. वाक्य, शिंग आणि जनावर या क्रमातील ही शेवटची आवृत्ती होय. तीत फीत नाही, बंदूक नाही, धाप नाही आणि रहीमा लोनही नाही. पुस्तकात त्याला मिळालेली अर्धी जागा देखाव्यात नाहीशी झाली. म्हणून पुस्तक अधिक मौल्यवान : त्याच्या पानांत निदान पुरावा शिल्लक आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच वाङ्मयप्रकाराचे एक वळण दिसते. जॉर्ज शॅलर यांनी १९७०च्या दशकात पाकिस्तानच्या उत्तर सीमेवर रानमेंढ्यांची पाहणी केली. त्यांच्या शिफारशीतून १९७५मध्ये खुंजेराब राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. वाट तीच, दुर्बीण तीच, वाटाडेही त्याच खोऱ्यांतले. फक्त शेवटची गोळी नाही. १९७३मध्ये शॅलर नेपाळच्या डोल्पो भागात भरल या रानजनावराच्या अभ्यासासाठी गेले तेव्हा पीटर मॅथीसन त्यांच्यासोबत होते. मॅथीसन यांच्या 'द स्नो लेपर्ड' (१९७८) या पुस्तकात शिकार-वृत्तांताचा सांगाडा जसाच्या तसा आहे : चढण, हमाल, थंडी, प्रतीक्षा. परंतु लेखकाला हिमबिबट्या दिसत नाही, आणि तुक्तेन हा सोबतचा शेर्पा हळूहळू पुस्तकाच्या केंद्राकडे सरकतो. उत्कर्षबिंदू काढून घेतला की वाट दाखविणारा दिसू लागतो, हे या प्रकाराबद्दलचे एक मार्मिक सत्य आहे. मराठी वाचकाला येथे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनाची आठवण व्हावी. त्यात रान जाणणारा स्थानिक माणूस गुरूच्या जागी असतो आणि लेखक त्याच्याकडून नावे शिकत असतो.

शिकारही संपलेली नाही. सोव्हिएत काळानंतर ताजिकिस्तानच्या पूर्व पामीरमध्ये परदेशी शिकारी भारी शुल्काचा परवाना घेऊन येतात आणि शिंगांची मापे आजही इंचांत सांगितली जातात. या पैशातून खोऱ्यांचे व कळपांचे रक्षण होते, असे या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात. तो पैसा खोऱ्यातल्या माणसापर्यंत किती पोहोचतो, असा प्रश्न टीकाकार विचारतात. हा वाद साहित्याभ्यासाने सुटणारा नाही. परंतु वादाचे मर्म तेच आहे : जनावर ज्याला ठाऊक आहे त्याचा हिस्सा किती?

७

शेवटी एक व्यावहारिक प्रश्न. असे वृत्तांत मराठीत आणावयाचे झाल्यास इंग्रजीतील 'शिकारी' या शब्दाचे भाषांतर काय करावे? 'वाटाड्या' म्हटले तर कौशल्य गळते. 'हाकारा' म्हटले तर अर्थच बदलतो, कारण पर्वतात हाका घालून जनावर उठवायचे नसते. 'शिकारी' म्हटले तर वाचक गोंधळतो : मग बंदूकवाला कोण?

हा गोंधळ टाळू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. भाषांतरकाराने 'शिकारी' हा शब्द रहीमा लोनकडेच ठेवावा आणि बंदूकवाल्यासाठी 'साहेब', 'पाहुणा' किंवा नुसते त्याचे नाव वापरावे. असे केल्याने मूळ संहितेशी द्रोह होत नाही. उलट तिने स्वतःच वापरलेला शब्द त्याच्या मूळ अर्थासह परत येतो. मूळ इंग्रजीत दडलेली असंगती मराठीत उघड होईल. आणि भाषांतर हे तौलनिक समीक्षेचेच एक रूप आहे याचा प्रत्यय येईल. मार्को पोलोच्या वर्णनात शिंग मेंढपाळाच्या हातात होते. निदान शब्द तरी ज्याचा त्याच्या हातात परत जावा, एवढीच या वाचनाची अपेक्षा आहे.